गुलाबीचा डोळा

"होईल हो. घाई कुणाला आहे?"

हे म्हणताना काका आधी चष्मा काढायचे, सदऱ्याच्या टोकाने पुसायचे आणि मान एका बाजूला कलती करून एकाच डोळ्याने समोरच्याकडे बघायचे. कोंबडी दाण्याकडे बघते ना, अगदी तसं. ही उपमा मला त्यांच्याकडे कोंबडी आल्यावर सुचली की आधीच सुचली होती, ते आता आठवत नाही.

"मला आहे," मी म्हणायची.

"तुला असणारच. तू यादीबाई!"

माझं हे नाव त्यांनीच पाडलं. नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे आम्ही कोलकात्याला आलो आणि बेहाल्यात घर घेतलं, तेव्हा सामान उतरवणाऱ्या माणसांच्या मागे मी कागद घेऊन फिरत होते. खोक्यांवर आकडे होते, कागदावर त्याच आकड्यांपुढे आतल्या वस्तू होत्या. शेजारच्या फाटकातून एक उंच, वाकलेला म्हातारा हे सगळं मोठ्या कौतुकाने बघत उभा होता. थोड्या वेळाने शुद्ध मराठीत आवाज आला, "झालं असेल तर चहा खाऊन जा."

चहा खाऊन! बंगालीत चहा खातात, पाणीही खातात. काका तरुणपणी सरकारी नोकरीत तीन वर्षांसाठी म्हणून इथे बदलून आले होते. निवृत्त झाले तरी ती तीन वर्षं संपली नव्हती. "परतीचा अर्ज टाकायचा राहिला," असं ते सांगायचे. माझा यावर पूर्ण विश्वास आहे. असा मनुष्य तुमच्याही ओळखीत असेल. मंडळाच्या गणपतीत याच्याकडे आरतीचं ताट द्यावं, तर हा आरती संपता संपता कापूर शोधत येतो, आणि तरीही त्याच्यावर कुणी रागावत नाही. मी रागवायची. पण त्याचा उपयोग व्हायचा नाही.

काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा पुण्याला. काका तळमजल्यावर राहायचे आणि वरच्या मजल्यावर घरमालकीण माशीमा. मागे छोटं अंगण, त्यात एक पेरूचं झाड, आणि झाडाखाली फळ्यांचं एक खुराडं. त्या खुराड्यात गुलाबी.

गुलाबी ही कोंबडी. रंग विटकरी.

तिच्या नावाची हकीकत अशी. काकांची नात शाळेत जायच्या वयाची नव्हती तेव्हा आईबापांबरोबर आली होती. रथयात्रेच्या मेळ्यात काका तिला घेऊन गेले. तिथे पापड आणि जिलब्यांच्या शेजारी टोपल्यांत रंगवलेली पिल्लं विकायला ठेवतात. हिरवी, निळी, गुलाबी. नातीने गुलाबी निवडलं. अशी पिल्लं बहुतेक आठवडाभर जगतात, आणि जगलंच तर कोंबडा निघतो, असं माशीमांनी जिन्यावरूनच सांगून टाकलं. हे पिल्लू जगलं, आणि कोंबडीही निघाली. रंग मात्र पहिल्या पावसाळ्यातच गेला. नात परत जाताना रडली, तेव्हा काकांनी तिला सांगितलं, "मी आहे ना. मी सांभाळतो."

हे एक काम काकांनी कधी उद्यावर टाकलं नाही. काका स्वतः अंडं खात नसत. गुलाबीची अंडी माशीमांकडे, आमच्याकडे आणि समोरच्या इस्त्रीवाल्याकडे आळीपाळीने जायची. अंडं घेऊन येताना ते दोन्ही हातांच्या ओंजळीत आणायचे, प्रसाद आणल्यासारखं.

मग एका पावसाळ्यात काका अंगणातल्या शेवाळावरून घसरले. हाड मोडलं नाही, पण मुलगा घाबरला. फोनवर रोज तेच सुरू झालं, बाबा, आता पुण्याला या. काका म्हणाले, पुजोनंतर, म्हणजे दुर्गापूजा झाली की येतो. या शहरात पुजोनंतर म्हणजे कधीच नाही, असाही अर्थ होतो, पण मुलाला ते ठाऊक नव्हतं. त्याने माझा नंबर मिळवला.

"ताई, बाबांना तिथून तुम्हीच हलवू शकाल."

अशी कामं माझ्याकडेच का येतात, हे मला कळतं. मी यादी केली. जुनी भांडी, पुस्तकं, गॅस, बँक, औषधं. शेवटी लिहिलं, गुलाबी. पुण्याचा फ्लॅट सहाव्या मजल्यावर, आणि सोसायटीत कोंबडी चालणार नव्हती. तिची सोय इथेच व्हायला हवी होती.

पुजो झाला. गल्लीतल्या मंडपाचे बांबू उतरवले जात होते, आणि त्याच सुमाराला गुलाबीचा डोळा आला.

आधी नुसतं पाणी. मग पापणी सुजली, मग चिपडं धरून डोळा मिटलाच. ती मान झटकायची, तो डोळा खांद्याला घासायची आणि दाणा टिपताना चोच दाण्याच्या शेजारी मारायची. काका पायरीवर बसून एकेक दाणा तिच्या चांगल्या डोळ्यासमोर धरायचे.

"मुलाला म्हणावं, तिकीट पुढे ढकल," ते मला म्हणाले. "हिचा डोळा बरा झाला की निघतो. आजारी माणसाला टाकून कसं जायचं?"

"माणूस?"

"तेच ते गं."

बेहाल्यात आजार झाकून राहत नाही, मग तो कोंबडीचा का असेना. माशीमा गुलाबपाणी घेऊन खाली आल्या. "ओ दादा, आपका मुर्गी तो रोता है!" इस्त्रीवाल्याने तुळशीचा रस सांगितला. कोपऱ्यावरच्या होमिओपॅथी दवाखान्यातल्या डॉक्टरबाबूंनी काकांकडून लक्षणं ऐकून घेतली. रुग्ण सकाळी जास्त रडतो की संध्याकाळी? एकटं राहायला आवडतं का? आंबट खावंसं वाटतं का? मग त्यांनी साबुदाण्यासारख्या गोळ्या दिल्या. रुग्ण कोण, हे काकांनी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. "त्यांनी विचारलंच नाही," म्हणाले.

काकांना नाही म्हणता येत नसे. सकाळी तुळस, दुपारी गोळ्या, मध्येच गुलाबपाणी. गुलाबीचा डोळा लाडवाएवढा झाला.

मग मी शिरले. सगळ्या बाटल्या एका पिशवीत भरल्या, झाकणाला भोकं पाडलेल्या खोक्यात गुलाबीला घातलं आणि काकांना रिक्षात बसवलं. प्राण्यांच्या डॉक्टरकडे रांगेत सगळी कुत्री होती. एक भलंमोठं लॅब्रॅडॉर खोक्याला नाक लावून लावून बघत होतं. आतून गुलाबी असं काही ओरडली, की ते मालकिणीच्या मांडीवर चढून बसलं. काका मान ताठ करून बसले होते. नातीला पहिला नंबर मिळाल्यावर आजोबा बसतात तसे.

डॉक्टर तरुण आणि कामाचे होते. डोळ्यात जंतुसंसर्ग झाला होता, बुबुळ अजून शाबूत होतं. पण असंच चालू राहिलं तर डोळा जाईल, आणि मग चोचीपर्यंत, घशापर्यंत पसरू शकेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. सलाईनच्या पाण्याने चिपडं भिजवून काढायची, मग औषधाचे थेंब टाकायचे. खुराड्यातलं गवत बदलायचं, हवा खेळती ठेवायची. औषध चालू असेतो अंडी कुणी खायची नाहीत. मी सगळं लिहून घेतलं. काकांनी फक्त एकच विचारलं.

"तिला दुखतं का?"

"दुखत असणार," डॉक्टर म्हणाले.

परतीच्या वाटेवर काका खोक्यावर हात ठेवून बसले होते.

त्यांचं औषध घालणं बघण्यासारखं होतं. गुलाबीला जुन्या टॉवेलात गुंडाळून काखेत धरायची, इथपर्यंत ठीक. मग थेंब टाकण्याआधी तिची माफी मागायची. "एकच हं. माफ कर मला." आणि ऐन थेंब टाकायच्या क्षणाला स्वतःचे डोळे घट्ट मिटून घ्यायचे. पहिला थेंब माझ्या कोपरावर पडला, दुसरा टॉवेलावर.

"काका, डोळे उघडे ठेवा!"

"तिला सांगतेस की मला?"

"दोघांना."

हळूहळू त्यांना जमायला लागलं. गवत बदललं, खुराडं धुतलं. दुपारी गुलाबीचा डोळा अर्धा उघडायचा, आत नारिंगी कड दिसायची, आणि आम्ही दोघं खूश व्हायचो. दुसऱ्या दिवशी सकाळी बघावं, तर डोळा पुन्हा लाल, पुन्हा चिकट, पुन्हा मिटलेला. परत सगळं पहिल्यापासून. डॉक्टरांनी औषध बदलून दिलं. तीच गत. दिवसा उतरायचं आणि रात्रीत पुन्हा चढायचं. अशा हट्टी दुखण्याची मला सवय नाही. माझ्या यादीतल्या गोष्टी एकदा खोडल्या, की पुन्हा उगवत नाहीत.

तिकीट दुसऱ्यांदा पुढे ढकललं. मुलाचा फोन आला तेव्हा मी पोळ्या करत होते, म्हणून फोन स्पीकरवर टाकला.

"ताई, खरं सांगू? बाबा मुद्दाम करतायत. औषध घालतच नसणार. कोंबडी बरी झाली तर त्यांना निघावं लागेल ना!"

मी मागे वळले. दारात काका उभे होते. औषधाची बाटली संपत आली, हे सांगायला आले होते.

मी फोन बंद केला. काकांनी चष्मा काढला, पुसला. नेहमीचं वाक्य येईल असं वाटलं. आलं नाही.

"उद्यापासून थेंब तू घाल," ते म्हणाले. "म्हणजे कुणाला शंका राहायला नको."

"काका, त्याच्या बोलण्यात तसं काही—"

"नाही नाही, त्याचं बरोबर आहे. मला जायचं नाहीच आहे. ते त्याला कळतं." ते थोडं थांबले. "पण म्हणून मी तिचा डोळा घालवीन का गं?"

पोळी करपली होती, ती उतरवली.

दुसऱ्या दिवसापासून मी सकाळ-दुपार जाऊ लागले. काका टॉवेल धरायचे, थेंब मी घालायची. डोळे उघडे ठेवून, नेमका एकेक. आणि तरीही सकाळी डोळा मिटलेलाच. म्हणजे काकांच्या हाताचा दोष नव्हता, हे सिद्ध झालं. मी मुलाला तसं कळवलंही. पण त्यामुळे गुलाबीला फरक पडत नव्हता. ती आता खुराड्याच्या कोपऱ्यात पिसं फुलवून बसायची. समोर धरलेला दाणाही घ्यायची नाही. माशीमा जिन्यात थांबून काकांना दिसणार नाही अशी मान हलवायच्या.

एका दुपारी औषध घालून मी घरी आले, आणि टॉवेल तिथेच राहिला. तो धुवायचा होता. आणायला परत गेले तेव्हा दिवेलागण झाली होती. गल्लीतल्या घराघरांतून शंख वाजत होते. मागच्या अंगणात पाऊल टाकलं आणि मला समोरचं काही दिसेना.

सगळीकडे धूर.

धुनो! इथल्या घरांत तिन्हीसांजेला मातीच्या धुपाटण्यात नारळाच्या शेंड्या पेटवतात, वरून राळ टाकतात आणि तो धूर खोल्याखोल्यांतून फिरवतात. देवासाठीही आणि डासांसाठीही. काकू इथे आल्यावर माशीमांकडून हे शिकल्या होत्या. त्या गेल्यावर काकांनी घरातल्या बऱ्याच गोष्टी सोडून दिल्या. मोदक सोडले, रेडिओ सोडला. धुनो सोडला नाही. हे मला माहीत होतं. फक्त तो फिरून फिरून शेवटी कुठे थांबतो, हे मला माहीत नव्हतं. त्या वेळी मी नेहमी माझ्या स्वयंपाकघरात असते.

काका खुराड्यासमोर बसले होते. धुपाटणं खुराड्याच्या दाराशी ठेवलेलं, आणि धूर बाहेर जाऊ नये म्हणून वरून पोतं सोडलेलं. धूर अगदी मायेने कोंडलेला होता.

माझ्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"काका, हे काय?"

"डास गं. काळोख पडला की तिला फोडून खातात. आधीच आजारी."

"रोज करता?"

"रोज. डोळा आल्यापासून जरा जास्त वेळ ठेवतो."

मला खोकला येत होता. पदराने डोळे पुसत उभी राहिले. काकांनी माझ्याकडे बघितलं. माझे लाल, गळणारे डोळे बघितले. मग पोत्याकडे. मग हळूच पोतं उचललं.

आत गुलाबी दोन्ही डोळे मिटून बसली होती.

"म्हणजे मीच?" ते म्हणाले.

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. काका उठले, धुपाटणं उचललं, फाटकाबाहेर नेलं आणि त्यात तांब्याभर पाणी ओतलं. फस्स असा आवाज झाला. रिकामं धुपाटणं धुऊन त्यांनी ते देवाजवळ पालथं घातलं.

माशीमांनी वरून विचारलं, "दादा, आज धुनो नहीं दिया?"

"दिया. अब नहीं देगा."

"क्यों?"

"गुलाबी को लगता है."

थोड्या वेळाने माशीमांच्या खोलीची मागची खिडकी बंद केल्याचा आवाज आला. त्यांचाही धूर खाली येत असेल, असं त्यांच्या मनात आलं असावं.

डासांचा प्रश्न मी सोडवला. इथे तान्ह्या बाळांसाठी छत्रीसारखी उघडणारी छोटी मच्छरदाणी मिळते. मशारी म्हणतात. बाजारात गेले, बदकांची चित्रं असलेली एक आणली. दुकानदाराने विचारलं, मुलगा की मुलगी? मी म्हटलं, मुलगी. संध्याकाळी गुलाबी त्या बदकांच्या मशारीत जाऊन बसली, तेव्हा माशीमा जिन्याच्या कठड्याला धरून इतक्या हसल्या, की इस्त्रीवाला काम सोडून बघायला आला. काकाही हसले. बऱ्याच दिवसांनी.

दुसऱ्या सकाळी डोळा कमी लाल होता. तिसऱ्या सकाळी चिपडं नव्हतं. मग एक दिवस मी थेंब घालायला गेले, तर गुलाबीने मान कलती केली आणि त्याच डोळ्याने माझ्याकडे बघितलं. स्वच्छ, गोल, नारिंगी. माझ्या हातात बाटली बघून ती पेरूच्या झाडामागे पळाली. काकांनी टाळी वाजवली.



मी घरी येऊन यादीतलं ‘गुलाबी, डोळा’ खोडलं. एरवी खोडताना मला बरं वाटतं.

डोळा बरा झाला की निघतो, हा शब्द काकांनी पाळला. मुलाने सांगितलेलं काम मीही पार पाडलं. भांडी माशीमांकडे गेली, पुस्तकं इथल्या मराठी मंडळाच्या कपाटात. गुलाबीचं खुराडं काकांनी आणि इस्त्रीवाल्याने उचलून आमच्या मागच्या दाराशी आणून ठेवलं. मी आयुष्यात प्राणी पाळला नव्हता. पाळणारही नव्हते.

"घे तुझ्या यादीत," काका म्हणाले. "सकाळी दाणा, संध्याकाळी मशारी. बाकी काही नाही. आणि बोलावं लागतं तिच्याशी."

"काय बोलायचं?"

"काहीही. ती यादीसुद्धा ऐकेल."

निघायच्या दिवशी गाडी फाटकाशी येऊन थांबली होती. हॉर्न वाजवून झाला होता. काका गुलाबीसमोर उकिडवे बसले. मान कलती करून एका डोळ्याने तिच्याकडे बघत होते. तीही मान कलती करून त्यांच्याकडे बघत होती. मी घड्याळ बघितलं. पण "चला" म्हटलं नाही.

आता ते पुण्याला आहेत. सहाव्या मजल्यावर. नात शाळेतून आली की दोघं मला व्हिडिओवर फोन करतात. गुलाबी अंडी देते. ती माशीमांकडे आणि इस्त्रीवाल्याकडे जातात, मी ओंजळीतून नेते. दिवेलागणीला शंख वाजले की माझा हात आपोआप मशारीकडे जातो. तिच्याशी बोलते की नाही, हा माझा खाजगी प्रश्न आहे.

परवा फोन आला तेव्हा नात क्लासला गेली होती. काका एकटेच होते. मागे पांढरी भिंत, शेजारी कुंडी. कुंडीत तुळस.

"जरा जवळ धर गं तिला," ते म्हणाले. मी गुलाबीला उचलून फोनसमोर धरलं. काकांनी चष्मा काढला, पुसला, घातला.

"थोडा पाणावलाय का गं तो डोळा?"

मागून मुलाचा आवाज आला, "बाबा, चांगली आहे ती. ताई सांगतायत ना रोज."

मी गुलाबीचा डोळा उजेडात नीट बघितला. तो आरशासारखा होता. त्यात खिडकी दिसत होती, आणि फोनच्या चौकोनात काकांचा कलता चेहरा.

"हो काका," मी म्हटलं. "पाणावलाय थोडा. एकदा येऊन बघून जा."

काकांनी चष्मा पुन्हा काढला, पुसला.

"येतो," ते म्हणाले. "पण तशी घाई नाही ना?"

"आहे," मी म्हटलं.